दोन सुयांचा इतिहास

इतिहासाचा प्राध्यापक आकाशवाणीवर बोलायला बसला, की तो देवगिरीच्या यादवांविषयी बोलणार, नाहीतर निजामी राजवटीविषयी, असा आपला अंदाज असतो. आणि बहुधा तो खरा ठरतो. आज मात्र मी घरातल्या एका फार साध्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर, बिस्किटांच्या जुन्या डब्यात, लोकरीच्या अर्धवट गुंड्यात खुपसून ठेवलेल्या दोन सुया आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असतील. त्या सुयांचा हा इतिहास आहे.

परभणीसारख्या उष्ण मुलखात लोकरीचे काय काम, असे कोणी विचारील. मे महिन्यात हा प्रश्न रास्तच आहे. परंतु डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून वारे सुटले म्हणजे इथला पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. पहाटे रब्बीच्या ज्वारीला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारा, म्हणजे लोकरीचे काम काय ते तो सांगेल.

आरंभ शब्दापासून करू. 'विणणे' हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो बघा. कोष्टी कापड विणतो, बुरूड टोपली विणतो, कोळी जाळे विणतो, घरातला म्हातारा बाज विणतो आणि आई स्वेटर विणते. इंग्रजीत मागावरच्या कामाला एक क्रियापद आहे आणि सुयांवरच्या कामाला दुसरे. आपण दोन्ही एकाच शब्दात सामावून घेतली. मला वाटते, सुयांवरचे काम आपल्याकडे बाहेरून आणि उशिरा आले, तेव्हा त्याच्यासाठी नवा शब्द घडवण्यापेक्षा जुन्याच शब्दाच्या घरात त्याला एक खोली देण्यात आली.

वास्तविक ही दोन कामे अगदी निराळी आहेत. मागावर उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांतून खाली-वर जातो. सुयांवर मात्र ताणा-बाणा काही नाही. एकच धागा असतो. त्याचा एक फास करायचा, त्या फासातून दुसरा फास ओढून काढायचा, दुसऱ्यातून तिसरा. म्हणून विणलेला स्वेटर ताणला जातो आणि सोडला की मूळ मापावर येतो. आणि म्हणूनच एखादा टाका सुटला, तर खालपर्यंतची सगळी रांग उसवत जाते. गुणही तोच आणि दोषही तोच. पुढे जे सांगायचे आहे ते या एका गोष्टीवर उभे आहे, तेव्हा ती लक्षात असू द्यावी.

लोकर आपल्याला नवी नाही. धनगरांची मेंढरे दख्खनच्या पठारावर शतकानुशतके चरत आली आहेत. त्यांच्या लोकरीची घोंगडी खुटेकर धनगरांनी आणि सणगरांनी विणली. बायांनी सूत कातायचे, चिंचोक्याची खळ लावायची आणि पुरुषाने खड्ड्याच्या मागावर बसून पट्टा विणायचा, अशी ती कामाची वाटणी. परंतु दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू वीस मायक्रॉनच्या आसपास असतो, तर आपल्या मेंढीचा त्याच्या दुपटीच्या घरात जातो. तो ऊन-पाऊस झेलायला उत्तम. पण तान्ह्या बाळाच्या गालाला लावायला उपयोगी नाही. त्यामुळे मेंढरे दाराशी असूनही लोकरीचे अंगडे आपल्याकडे झाले नाही. थंडीचे आपले घरगुती उत्तर म्हणजे गोधडी. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून, धावदोऱ्याने चहूबाजूंनी फिरत मध्यापर्यंत जायचे. आपल्या बायकांच्या हाताला जो टाका ठाऊक होता, तो हा.

यावरून एक गंमत ध्यानात येते. सुयांवरच्या प्रत्येक फासाला आपण 'टाका' म्हणतो. हा शब्द शिवणकामातून, गोधडीतून आलेला आहे. आमच्या परभणीच्या जुन्या मोहल्ल्यांत उर्दू बोलणाऱ्या घरांत सुईला 'सलाई' म्हणतात आणि टाक्याला 'फंदा'. फंदा म्हणजे फास. खरे पाहिले तर तोच शब्द अधिक नेमका आहे.

मग हे फासांचे काम आले कोठून? आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांत दोन सुयांच्या खऱ्या विणकामाचे सर्वांत जुने नमुने इजिप्तमध्ये सापडलेले मोजे आहेत. ते साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे असावेत. गंमत अशी की त्यांतले पुष्कळ लोकरीचे नाहीत. ते सुती आहेत आणि निळा रंग निळीचा आहे. कापूस आणि नीळ ही नावे ऐकली की आपले कान टवकारतात. इजिप्तमधल्या फुस्तात या जुन्या शहराच्या अवशेषांत गुजरातच्या छापील सुती कापडाचे तुकडेही पुष्कळ मिळाले आहेत. पण तेवढ्यावरून मोजे विणण्याची कला आपणच जगाला दिली, असे म्हणता येणार नाही. व्यापार होता, एवढे सिद्ध होते. कलेचे जन्मस्थान सिद्ध होत नाही. 'मोजा' हा आपला शब्द मात्र फारसीतून आलेला आहे. त्या भाषेत 'मोजा' म्हणजे पायात घालायचे पादत्राण.

इजिप्त आणि अरबांच्या मुलखातून ही विद्या स्पेनमध्ये गेली असावी. १२७५ साली वारलेल्या एका स्पॅनिश राजपुत्राच्या थडग्यात रेशमाच्या विणलेल्या उशा सापडल्या आहेत. पुढे युरोपात विणकऱ्यांचे संघ निघाले आणि ते संघ होते पुरुषांचे. विणकाम हे बायकांचे काम, ही समजूत त्या मानाने नवी आहे. १५८९ साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार दिला नाही, कारण गरीब विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल अशी तिला धास्ती वाटली, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, यंत्र आले, पुढच्या दोनशे वर्षांत पुरुष यंत्राकडे गेले आणि सुया घरात बायकांच्या हाती उरल्या.

त्या सुया मराठी घरात आणल्या त्या मुख्यतः मिशनच्या शाळांनी. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली. पुढे तिने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळा चालवल्या. अशा शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असे. मुलीला शाळेत पाठवायला जे घर तयार होत नसे, ते 'निदान शिवण-टिपण तरी शिकेल' म्हणून कधी तयार होई. म्हणजे ज्या दारातून अक्षर आत जात नव्हते, त्या दारातून सुई आत गेली आणि तिच्या मागोमाग अक्षर गेले.

पुढच्या पिढीत या सुईचा अर्थ बदलला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्याचे सेवासदन सुरू झाले. या संस्थांमध्ये विधवा होत्या, टाकलेल्या बायका होत्या, दुष्काळात आईबाप गमावलेल्या पोरी होत्या. त्यांच्यासाठी शिवण, भरतकाम, विणकाम हा वेळ घालवण्याचा छंद नव्हता. स्वतःच्या हाताने चार पैसे मिळवून कोणाच्या दारी हात न पसरता जगता येते का, असा तो प्रश्न होता. आणि पैसे मिळवायचे म्हटले की विणकामाचा एक भाग फार महत्त्वाचा होतो. तो म्हणजे विणून झाल्यानंतरचे काम. घरच्या माणसाला वेडावाकडा गळा चालतो. गिऱ्हाईक तो हातात घेऊन खाली ठेवते.

मराठवाड्यात ही लाट सावकाश आली. आपण हैदराबाद संस्थानात होतो. मुलींच्या शाळा थोड्या, आणि ज्या होत्या त्यांत शिक्षणाचे माध्यम उर्दू. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडपासून सिकंदराबादेकडे जाणारी आगगाडी सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा अशी सुरू झाली आणि तिच्याबरोबर कानपूरच्या गिरणीची लोकर बाजारात येऊ लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानी राजवट संपली. २ ऑक्टोबर १९५२ पासून देशात समूहविकास योजना सुरू झाल्या; त्यांच्या पाठोपाठ खेड्यापाड्यांतून महिला मंडळे निघाली, शिवणवर्ग निघाले. बदली होऊन आलेल्या शिक्षिका, मामलेदार-डॉक्टरांच्या बायका आपल्याबरोबर सुया घेऊन आल्या. एकीने दुसरीला शिकवले. या शिकवण्याचा कागद कोठे नाही. माझी आजी सेलूला शेजारच्या मास्तरीणबाईंकडून विणायला शिकली. 'दहा नंबरच्या सुयांवर बॉर्डर, आठ नंबरच्या सुयांवर अंग' एवढे सूत्र तिला शेवटपर्यंत पाठ होते. नंबर वाढला की सुई बारीक होते, हा उलटा हिशेब तिला कोणी समजावून सांगितला नव्हता. हाताने तो शिकून घेतला.

हे नवे काम आपल्या घरात कोठे रुजले तेही पाहण्यासारखे आहे. बाळाच्या बारशाला अंगडे-टोपडे देण्याची रीत आपल्याकडे जुनीच. पूर्वी ते शिवलेले असे. लोकर आली तेव्हा ती आधी याच जागी शिरली. बाळंतिणीच्या खोलीत टोपडे, पायमोजे, मग शाळकरी पोराचा बिनबाह्यांचा स्वेटर, मग घरधन्याचा मफलर. लग्नाच्या रुखवतात क्रोशाचे रुमाल आणि लोकरीची तोरणे येऊन बसली. म्हणजे काम परके, पण प्रसंग आपले. आपल्या समाजाने बाहेरची गोष्ट पचवण्याची ही नेहमीची तऱ्हा आहे.

आता विणून झाल्यानंतरच्या कामाकडे वळतो. घरी विणणाऱ्या भगिनींना ते उपयोगी पडेल. एक हिशेब करून पाहा. पाठीला १०० टाके आणि १४० सुया धरल्या, तर पाठीचे १४ हजार टाके झाले. पुढच्या भागाचे तेवढेच. बाहीचे सरासरी ६० टाके आणि १२० सुया धरल्या तर दोन बाह्यांचे १४ हजार ४०० टाके. म्हणजे एका साध्या स्वेटरला ४२ हजारांहून अधिक टाके पडतात. महिना-दीड महिना त्यात जातो. आणि जोडणी? ती आपण एका दुपारी, कोणाकडे जायची घाई असताना उरकतो. पुष्कळ स्वेटर सुयांवर बिघडत नाहीत. ते त्या एका दुपारी बिघडतात.

पहिली गोष्ट टाके बंद करण्याची. शेवटची सुई हाताने आपोआप घट्ट येते. मग गळा आवळतो आणि पोराचे कान त्यात अडकतात. गळ्याचे टाके बंद करताना एक-दोन नंबर जाड सुई घ्यावी. बॉर्डर एक सुलट, एक उलट अशी असेल, तर बंद करतानाही सुलटावर सुलट आणि उलटावर उलट विणत जावे; म्हणजे कड ताणली जाते.

दुसरी गोष्ट खांद्याची. खांद्याचे टाके बंद करून मग शिवले की जाड कड येते. त्यापेक्षा दोन्ही भागांचे टाके सुयांवरच ठेवावेत, सुलट बाजू एकमेकींसमोर धराव्यात आणि तिसऱ्या सुईने पुढचा एक व मागचा एक टाका मिळून विणत, बंद करीत जावे. खांदा भक्कम होतो आणि ओघळत नाही.

तिसरी गोष्ट कुशीच्या शिवणीची. दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी-शेजारी मांडावेत. कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका यांच्यामध्ये धाग्याची एक आडवी दांडी दिसते. एक दांडी इकडची, एक तिकडची अशी सुईवर घेत जावे. पाच-सहा दांड्या झाल्या की धागा हलकेच ओढावा. दोन्ही कडा आत वळतात आणि शिवण कोठे आहे ते शोधावे लागते. हे काम सुलट बाजूने होते, म्हणून पट्टे व नक्षी जुळतात की नाही, ते जागच्या जागी दिसते.

चौथी गोष्ट धाग्यांच्या टोकांची. नवा गुंडा सुईच्या मध्यावर जोडू नये, आरंभी जोडावा. गाठ मारू नये, ती टोचते आणि एक दिवस सुटते. वीतभर टोक सोडावे आणि शेवटी बोथट टोकाच्या मोठ्या सुईने ते शिवणीत दोन-तीन इंच ओवून टाकावे.

पाचवी गोष्ट आकार देण्याची; आपल्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते हिच्याकडे. शिवण्याआधी प्रत्येक भाग कोमट पाण्यात भिजवावा, पिळू नये, पंचात गुंडाळून दाबावा. सतरंजीवर चादर घालून, मापाप्रमाणे टाचण्या लावून, सावलीत पसरून वाळवावा. दोरीवर टाकला तर स्वतःच्याच ओझ्याने तो लांबतो. मात्र एक सावधगिरी हवी. आज दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळते त्यातले पुष्कळसे ॲक्रिलिक असते. त्याच्यावर गरम इस्त्री फिरली तर ते निर्जीव होते आणि त्याची लवचिकता पुन्हा येत नाही. गुंड्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय इस्त्रीला हात लावू नये.

ही जोडणीची गोष्ट किती मोठी होऊ शकते, याचे एक उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे. खंदकात आठ-आठ दिवस ओल्या बुटांत उभ्या असलेल्या शिपायाला मोज्याच्या बोटांवरची जाड शिवण घासे आणि पाय चिघळत. त्यावर उपाय म्हणजे शिवण न करता, बोटांवरचे टाके सुईने एकमेकांत असे ओवायचे की ती जणू विणलेली आणखी एक ओळच वाटावी. इंग्रजी विणकामात या जोडणीला किचनेर टाका म्हणतात. हा किचनेर म्हणजे १९०२ पासून १९०९ पर्यंत हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला, ज्याच्याशी झालेल्या वादातून १९०५ साली लॉर्ड कर्झनने राजीनामा दिला, तोच. महायुद्धात तो ब्रिटनचा युद्धमंत्री होता. त्याने स्वतः हा टाका शोधला, ही दंतकथा आहे. अशी जोडणी त्याच्या आधीपासून विणणाऱ्यांना ठाऊक होती. नाव तेवढे नंतर चिकटले.

आणि हे एकच उदाहरण नाही. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, घोडदळाचा हल्ला चढवणाऱ्या लॉर्ड कार्डिगनचे नाव पुढे बटणांच्या स्वेटरला मिळाले. त्याच युद्धातला ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन. त्याचे नाव गळ्यापासून तिरप्या निघणाऱ्या बाहीला मिळाले. ज्या बालाक्लावा गावाजवळ लढाई झाली, त्याचे नाव कान-मान झाकणाऱ्या टोपीला मिळाले. आपण तिला माकडटोपी म्हणतो, आणि परभणीच्या बसस्थानकावर जानेवारीच्या पहाटे ती आजही शंभर डोक्यांवर दिसते. विणकामाच्या कोशात अशी सरदारांची आणि रणांगणांची नावे भरलेली आहेत. ज्या हजारो बायांनी ते मोजे आणि त्या टोप्या विणल्या, त्यांच्यापैकी एकीचेही नाव त्यात नाही.

आपल्याकडेही असेच झाले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने हल्ला केला. आपले जवान पुरेशा गरम कपड्यांवाचून हिमालयात लढत आहेत, हे देशाला कळले. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असे आपण आजही अभिमानाने म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच दिवसांत देशभर बायका स्वेटर, मोजे, मफलर विणून पाठवीत होत्या. माझी आजी त्यांतली एक. ती सांगत असे, की दिवसाचे काम आटोपले की कंदील मध्ये ठेवून आम्ही सहा-सातजणी बसायचो. ज्या शिपायाला तो स्वेटर मिळेल त्याचे माप कोणालाच ठाऊक नव्हते. मग प्रत्येकीने आपल्या घरच्या पुरुषाच्या मापाने विणला. तिने किती विणले, ते कोठे पोचले, पोचले की नाही, याची नोंद मी शोधली. मला ती मिळाली नाही.

नोंद नसेल तर निदान वस्तू तरी असावी, असे इतिहासकाराला वाटते. ताम्रपट नसला तर नाणे पाहतो, नाणे नसले तर खापर पाहतो. म्हणून मी आमच्या घरच्या ट्रंकेत आजीच्या हातचा एखादा जुना स्वेटर शोधला. एकही निघाला नाही. आईला विचारले, तर ती म्हणाली, "अरे, ते कुठं राहतात? तुझ्या अंगावर होता तोच तर होता तो."

तिच्या बोलण्याचा अर्थ उमगायला मला थोडा वेळ लागला. आमच्या घरी स्वेटर आखूड झाला की टाकत नसत, उसवत. आई शिवण सोडवायची, बंद केलेल्या टाक्यांचे टोक शोधायची आणि ओढायला लागायची; मी समोर बसून दोन्ही हातांवर लोकर गुंडाळून घ्यायचो. उसवलेली लोकर नागमोडी असते. तिची लड करून, धुऊन, खाली वजन बांधून वाळवली की ती सरळ होते. मग त्यात नव्या रंगाचे दोन गुंडे मिसळून पट्ट्यांचा मोठा स्वेटर व्हायचा. आजीने माझ्या काकासाठी आणलेली निळी लोकर माझ्या बहिणीच्या अंगावरून माझ्या अंगावर आली आणि शेवटी एका भाच्याच्या टोपड्यात संपली. आई प्रत्येक शिवण त्याच लोकरीने घालायची आणि डाव्या कुशीला आतून धाग्याचे टोक थोडे लांब ठेवायची. "उसवताना शोधावं लागू नये," असे तिचे म्हणणे.

श्रोतेहो, विणकामाच्या इंग्रजी पुस्तकांत उत्तम जोडणी म्हणजे जी दिसत नाही ती. आमच्या घरात तेवढे पुरेसे नव्हते. जोडणी दिसता कामा नये, वर्षानुवर्षे धुण्यात टिकली पाहिजे, आणि वेळ आली की एका टोकाने सुटलीही पाहिजे. पहिल्या दोन अटी कारागिरीच्या आहेत. तिसरी गरिबीची आणि काटकसरीची आहे. आणि याच तिसऱ्या अटीमुळे आपल्या आया-आज्यांचे काम संग्रहालयात पोचले नाही. ते टाकाऊ होते म्हणून नाहीसे झाले नाही. पुनःपुन्हा उपयोगी पडले, म्हणून नाहीसे झाले.

दोन वर्षांपूर्वी मुलाचा बाजारातला एक स्वेटर आखूड झाला, तेव्हा मी हौसेने तो उसवायला बसलो. शिवण सोडवली आणि धागा ओढला, तर हातभर येऊन तुटला. दुसरा ओढला, तोही तेवढाच. पाहिले तेव्हा कळले की यंत्रावर विणलेल्या कापडाचा तागा कात्रीने कापून, कडा यंत्राने शिवून तो स्वेटर केलेला होता. प्रत्येक ओळ कडेला कापलेली. त्यातून पुन्हा काही होण्यासारखे नव्हते. आईने तो तुकडा हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि काही न बोलता पोतेऱ्यांच्या ढिगात टाकला.

यात बाजाराला दोष देण्याचा माझा हेतू नाही. १९५९ नंतर भारताच्या आश्रयाला आलेल्या तिबेटी लोकांपैकी कित्येकजण दर हिवाळ्यात आपल्या शहरांतून स्वेटरांची दुकाने मांडतात. त्यांतला पुष्कळ माल लुधियानाचा असतो. त्यावर त्या कष्टाळू माणसांचा संसार चालतो, आणि ज्या घरात विणायला वेळ नाही त्या घरातल्या पोराला ऊब मिळते. आजच्या नोकरी करणाऱ्या बाईने ४२ हजार टाके घालावेत, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी स्वतः कधी ४२ घातलेले नाहीत.

माझी विनंती लहान आहे. ज्यांच्या घरी अजून विणकाम चालते त्यांनी एक करावे. स्वेटर पुरा झाला की चार बोटांची कापडी पट्टी घ्यावी, तिच्यावर विणणारीचे नाव, गावाचे नाव आणि साल लिहावे, आणि ती आतून डाव्या कुशीला टाचून ठेवावी. उरलेल्या लोकरीची चार इंच लांबी-रुंदीची एक चौकट विणून वेगळी ठेवावी. स्वेटर उद्या खुशाल उसवा, तो उसवण्यासाठीच आहे. चौकट मात्र उसवू नका. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात पूर्वीचे गृहविज्ञान आणि आजचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. तिथे वस्त्रांचे शास्त्र शिकवले जाते. अशा चौकटींचा आणि पट्ट्यांचा संग्रह तिथे किंवा एखाद्या गावच्या वाचनालयात झाला, तर पन्नास वर्षांनी माझ्यासारख्या कोणाला रिकाम्या ट्रंकेपुढे बसावे लागणार नाही.

आईचे वय आता झाले आहे. डोळ्यांना बारीक टाका दिसत नाही, म्हणून ती मफलरच विणते, सगळ्या सुया सुलट. मागच्या थंडीत एक पुरा झाला तेव्हा मी पट्टी आणि पेन घेऊन तिच्याजवळ गेलो. नाव लिहायचे म्हटल्यावर ती लाजली. "मफलराला कशाला नाव?" म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "लिहायचंच असेल तर आधी आजीचं लिही. शिकवलं तिनं." मी दोन्ही नावे लिहिली, खाली साल घातले, आणि पट्टी तिच्याच हाताने टाचून घेतली. टाचताना तिने धाग्याचे टोक थोडे लांब ठेवले.